कोरड्या साखरेत दिसलेलं पाणी

श्रावणात मार्केट यार्डाजवळच्या गोदामातून तीस किलोचा एक गुळाचा रवा (ढेप) तपासणीला आला. खरेदीदाराच्या हातातल्या निअर-इन्फ्रारेड मीटरनं (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावरून ओलावा सांगणाऱ्या) ओलावा ९.२ टक्के दाखवला होता. गूळ पाघळणार म्हणून दर पाडायची बोलणी सुरू होती.

रवा फोडला तर आत कोरडा, रवाळ. चिमटीत चुरला की वाळूसारखा किरकिरायचा. नऊ टक्क्यांचा गूळ असा वागत नाही, तो बोटाला चिकटतो.

आधी नमुना घेण्यातली चूक असेल म्हणून पाहिलं. पावसाळ्यात बाहेरचा थर हवेतलं पाणी ओढतो आणि मीटरचा प्रकाश जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतो. म्हणून दोन सेंटिमीटर थर तासून गाभ्यातून पाच ठिकाणचा गूळ घेतला, एसी खोलीत झटपट कुटला, कपात सारखा दाबून भरला. पांढऱ्या टाइलवर मीटर जुळवून, कप फिरवत पाच रीडिंग घेतली. सरासरी ८.७. म्हणजे वरच्या थराचा दोष थोडकाच.

मग कार्ल फिशर, म्हणजे रासायनिक अभिक्रियेनं फक्त पाणी मोजणारी चाचणी. नुसत्या मिथेनॉलमध्ये गूळ नीट विरघळत नाही. फॉर्मामाइड हे दुसरं द्रावक घालून ५० अंशांवर विरघळवावा लागतो, नाहीतर खड्यांत अडकलेलं पाणी मोजलंच जात नाही. तीनदा केलं: ५.४, ५.५, ५.४. (१०५ अंशांच्या ओव्हनवर गुळासाठी भरवसा ठेवू नये. त्यातलं फ्रुक्टोज विघटित होतं आणि ती घटही पाण्याच्या नावावर जाते.)

उत्तर मीटरच्या आलेखात होतं: कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश गूळ किती शोषतो, याचा तो आलेख. पाण्याचा उंचवटा १४५० नॅनोमीटरच्या आसपास पसरट असतो. सेकंड डेरिव्हेटिव्ह (बारीक टोकं उठून दिसावीत म्हणून आलेखावर करायचं गणित) काढल्यावर इथे १४४० ला सुईसारखं टोक आलं. ते स्फटिकातल्या सुक्रोजचं, म्हणजे साखरेचं; मीटरनं तेही पाणी म्हणून मोजलं होतं. त्या मीटरचा पल्ला ९०० ते १७०० नॅनोमीटर, त्यामुळे १९४० जवळचा पाण्याचा ठळक पट्टा त्याला दिसतच नाही, आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्यांवर आकडे जुळवणं) झालेलं मऊ, चिकट गुळावर. खात्रीसाठी कपात वाळवलेली साखर भरली. मीटरनं तिच्यात ४.८ टक्के ओलावा दाखवला!

खरेदीदाराचा फोन आला, "मॅडम, म्हणजे साखर मिसळलीय काय?" तसं अजिबात म्हणता येत नाही. चांगल्या पाकाच्या गुळात स्वतःचे खडे धरतातच, आणि उसाच्या साखरेतलं सुक्रोज गुळातल्यापेक्षा वेगळं नसतं. गूळ उजळ करायला घालतात त्या हायड्रॉस या रसायनाचंही तेच: त्यातून उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाखांत ७० भाग), एवढं बारीक या मीटरला दिसत नाही. त्याला ऊर्ध्वपातनाची वेगळी चाचणी लागते. गुऱ्हाळावर कष्टानं रवाळ केलेल्या गुळाचा दर अशा एका आकड्यावर पडावा, याची मला चीड येते.

अहवालात ५.४ लिहिलं, सोबत साखरेचा आणि गुळाचा आलेख जोडला. नंतर चाळीस रवाळ नमुने कार्ल फिशरच्या आकड्यांसह कॅलिब्रेशनमध्ये घातले. बाटलीत बंद ठेवलेला तोच चुरा पुन्हा मीटरखाली धरला. ५.७.