धारेची मूठ

"दोन लाख आणल्यात मॅडम. ह्यात बसंल तेवढं चांगलं पिस्तूल सांगा."

जानेवारीतला रविवार होता. माझ्या नेमबाजीच्या रेंजचं शटर मी निम्मंच वर केलं होतं, आणि त्याखालून वाकून आधी पोरगी आत आली, मागून तिचे वडील. हातात कापड दुकानाची पिशवी. उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं, ते काढून थेट माझ्या टेबलावर, पेलेटच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या, डब्याशेजारी ठेवलं. मी आधी ती पिशवी त्यांच्या हातात परत दिली. रेंजवर पैसे उघडे ठेवायचे नाहीत, हा माझा जुना नियम.

असे वडील हल्ली वरचेवर येतात. आपल्याकडं कोल्हापुरात पूर्वी पोरगं जरा अंगापिंडानं भरलं की त्याला तालमीत घालायचे. आता रेंजवर घालतात. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली तेव्हापासून हे सुरू झालं, २०१८ला राही सरनोबतनं एशियाडमध्ये सोनं घेतल्यावर वाढलं, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणल्यावर तर माझा फोन आठवडाभर थांबला नाही. त्यातल्या निम्म्या लोकांना रायफल आणि पिस्तूल यांतला फरकही सांगावा लागला. स्वप्नील रायफलवाला. राही पिस्तूलवाली, पण तिचा खेळ २५ मीटरचा, .२२ बोअरचा, त्याला शस्त्रपरवाना लागतो. आमच्याकडं पोरं सुरुवात करतात ती १० मीटर एअर पिस्तुलानं. हवेच्या दाबावर उडणारा साडेचार मिलिमीटरचा छर्रा, त्याला परवाना लागत नाही. रायफलीसारखं जाड जाकीट, पँट, खास बूट असलं काही घ्यावं लागत नाही, म्हणून घरच्यांना हा खेळ स्वस्त वाटतो. मग पिस्तुलाची किंमत ऐकली की खुर्चीत बसतात.

हे मात्र किंमत आधीच काढून आले होते. मोबाइलवर फोटो दाखवला. "हे बघा, मनू भाकरकडं हाय तसलं. बॅटरीवरचा ट्रिगर."

पोरगी तेरा वर्षांची, आठवीत. आठ महिने माझ्याकडं येत होती. बोलायला अस्सल कोल्हापुरी. "मी येतो, मी मारतो" असंच. (पुण्याच्या एका स्पर्धेत पंचबाईंनी तिला दोनदा विचारलं होतं, "कोण येतो?") सुरुवातीला झपाट्यानं सुधारली आणि दिवाळीनंतर अडकली. कागदावर छर्रे कुठं लागतात ते आम्ही घड्याळाच्या काट्यांनी सांगतो. तिचे सगळे सातच्या काट्यावर, खाली डावीकडं. गुण सात, आठ, सात, आठ. मधलं, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. ते तिला दिसत होतं, हातही बऱ्यापैकी स्थिर होता, पण छर्रा काही तिथं जाईना. वडिलांनी निष्कर्ष काढला होता: क्लबचं पिस्तूल जुनं झालंय.

खरं सांगायचं तर मलाही थोडी शंका होती. म्हणून त्यांच्यासमोरच तेच पिस्तूल घेऊन मी पाच मारले. पाचही एकमेकांत, मधोमध. पिस्तूल ठीक होतं.

"तुमचं जमतंय हो, तुम्ही जुन्या," ते म्हणाले. यात कौतुक किती होतं ते मी तपासायला गेले नाही.

मग मी तीन पिस्तुलं टेबलावर मांडली. एक क्लबचं, मधल्या मापाच्या मुठीचं. एक माझं स्वतःचं, लांब नळीचं. तिसरं आमच्याच एका मुलाचं. तो इंजिनिअरिंगला गेला, खेळ सुटला, आणि पिस्तूल विकून टाका म्हणून माझ्याकडं ठेवून गेला होता. आखूड नळी, साधा यांत्रिक ट्रिगर, मूठ मात्र त्याच्या पंजाएवढी, एल मापाची.

आधी वजन. नियम दीड किलोपर्यंत परवानगी देतो, पण तेरा वर्षांच्या खांद्याला ते विचारून बघा. एकाच हातानं, कोपर सरळ ठेवून, पिस्तूल वर न्यायचं. पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा, आणि त्याआधी सरावाची पंधरा मिनिटं वेगळी. माझं लांब नळीचं पिस्तूल तिनं उचललं आणि विसाव्या सेकंदाला टोक खाली यायला लागलं. आखूड नळीचं चाळीस सेकंद टिकलं. वडील घड्याळ बघत होते. त्यांना हे पटलं. ओझं कुणाला किती झेपतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

बॅटरीच्या ट्रिगरबद्दल मी वाईट बोलले नाही. तो खरोखर काचेसारखा तुटतो, म्हणजे न अडखळता स्वच्छ सुटतो. पण त्यात सर्किट असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ला, मनूच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मुलगी २०२४ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली, हेही खरं. तिच्याजवळ सगळं पथक उभं होतं. तालुक्याच्या गावात बिघडलं तर कुणाला दाखवायचं?

मग मी आमची नेहमीची चाचणी घेतली. डोळे मिटायचे, पिस्तूल नेहमीसारखं धरून हात वर न्यायचा, आणि मग डोळे उघडायचे. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली, तर मूठ हाताला बसते. क्लबच्या पिस्तुलात माशी खाचेच्या पार डाव्या कडेला गेलेली. तिनं मनगट वळवून ती मधे आणली. म्हणजे आठ महिने दर नेमाला ती हे करत होती, आणि मला दिसलं नव्हतं. हे कबूल करायला बरं वाटत नाही. मुठीच्या खाली तळव्याला आधार देणारी फळी असते, ती तिच्या हाताला लागतच नव्हती. करंगळीखाली बोटभर पोकळी.

पण एवढ्यानं सातचा काटा होत नाही. म्हणून पिस्तूल रिकामं ठेवून तिला नुसता ट्रिगर ओढायला लावला आणि मी तिच्या उजव्या बाजूला, खाली स्टुलावर बसले. डोळे तिच्या बोटांच्या पातळीवर.

पहिलं बोट हललं. त्याच्या पाठोपाठ मधलं, मग अनामिका, आणि शेवटी करंगळीचं नख पांढरं पडलं. एक लाट वरून खाली गेली. नळीचं टोक तेवढंच खाली, डावीकडं झुकलं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा तीच लाट, अगदी त्याच क्रमानं. इतकी नीटनेटकी चूक मी कधी पाहिली नव्हती.

"सकाळी काय करून आलीस?"

"धार काढून."

"किती म्हशींची?"

"दोन मी काढतो, एक आई काढती."

मी हसले ते तिला समजलं नाही. नेमबाजीच्या इंग्रजी पुस्तकांत या दोषाला 'मिल्किंग' म्हणतात. ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळणं. मी हा शब्द वर्गात शंभर वेळा वापरला असेल, पण खरोखर धार काढणारा हात समोर बसला असताना तो मला आठ महिने आठवला नाही.

माझा अंगठा तिच्यापुढं धरला. "दाखव, कशी काढतेस."

तिनं आधी वडिलांकडं बघितलं. मग मूठ वळली. अंगठा आणि पहिलं बोट वरून आवळलं, दूध वर परत जाऊ नये म्हणून, मग मधलं, मग खाली करंगळीपर्यंत. पकड अशी की अंगठा दुखला. रोज दोन वेळा, दोन म्हशी, प्रत्येक वेळी शेकडो वेळा हीच लाट. त्यापुढं माझे आठवड्याचे तीनशे छर्रे म्हणजे काय! पहिलं बोट आवळलं की बाकीच्यांनी यायचंच, हे त्या हातानं ती सात-आठ वर्षांची असल्यापासून पाठ केलेलं. त्यात मूठ ढिली, म्हणून पिस्तूल सावरायला आणखी आवळायचं.

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे धार सोडायला लावू काय?"

"न्हाई," पोरगीच बोलली. "चंद्री दुसऱ्या कुणाला पान्हावत न्हाई."

मी तिला व्यायाम सांगणार होते. बोटांमधे रबर घालून वगैरे, आमचे ठरलेले असतात. तेवढ्यात ती आपणहून म्हणाली, "मॅडम, पान्हा यायच्या आधी सड नुसतं धरून थांबतोय आम्ही. दाबत न्हाई, सोडत पण न्हाई. तसं धरू काय?"

"धर."

मी पुन्हा स्टुलावर. मधल्या बोटानं मूठ सरळ मागं ओढलेली, अनामिका शांत, करंगळी नुसती टेकलेली. ट्रिगरला कमीत कमी ५०० ग्रॅमचा भार लागतो, तो दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा मऊ, मग एक भिंत लागते, तिथं थांबायचं. ती थांबली. बऱ्याच वेळानं बोट हललं, आणि एकटंच हललं. माशी जागच्या जागी.

वीस वेळा रिकामं झाल्यावर आखूड नळीच्या पिस्तुलानं एकेक करून दहा छर्रे मारायला सांगितले. कागद दोरीवरून सरकत आला. दोन दहा, तीन नऊ, बाकी आठ-सात, सगळीकडं पांगलेले. वडिलांचा चेहरा पडला. मला मात्र त्या पांगण्याचाच आनंद झाला, कारण सातच्या काट्यावर मोजून एक होता. पांगलेलं सरावानं गोळा होतं.

मग व्यवहार. ते जुनं पिस्तूल पंच्याण्णव हजारांना सांगितलेलं. हवेचे सिलिंडर दोन होते. एकावर कोरलेली तारीख बघितली, त्याची दहा वर्षं उलटलेली. असा सिलिंडर हवा भरायलाही धोक्याचा आणि स्पर्धेतही चालत नाही. लोक नळीतून आत डोकावून बघतात, ट्रिगर टकटक करतात, ही तारीख कुणी वाचत नाही. दुसऱ्याची चार वर्षं शिल्लक होती. त्या मुलाला फोन लावला, सगळं सांगितलं, ऐंशीवर ठरलं. नवं घ्या म्हणाले असते तर वडिलांनी त्याच दिवशी घेतलं असतं, हेही खरं. पण पोरीचा पंजा दोन वर्षांत वाढणार. नव्याकोऱ्या पिस्तुलाच्या मुठीवर कानस चालवायला कुणाचा हात धजत नाही, आणि ती चालवल्याशिवाय भागत नाही.

त्यासाठी त्याच दुपारी आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथं माझे एक ठरलेले मिस्त्री आहेत, पॅटर्नमेकर. फाउंड्रीत ओतकामाआधी लाकडाचा नमुना लागतो, तो करणारे. बंदुकीशी त्यांचा संबंध नाही, पण लाकडातून पावमिलिमीटर काढणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. त्यांनी पोरीच्या तळव्याला फिटर लोक लावतात ते निळं चोपडलं आणि एल मापाची ती अक्रोडाची मूठ तिच्या हातात दिली. सोडल्यावर लाकडावर तीनच ठिपके. "ताई, हा हात लाकडात राहातच न्हाई, भाड्यानं आलाय," म्हणाले. मागून कानस, मग पुन्हा निळं, पुन्हा कानस. खालची फळी वर आणायला लांबी (पुट्टी) भरली. दोन तासांनी निळा पंजा जवळजवळ पुरता उमटला.

डोळे मिटून हात वर, डोळे उघडले. माशी मधोमध.

पिस्तूल नियमाप्रमाणं ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात मावावं लागतं. मिस्त्रींनी प्लायवूडचा डबा तिथल्या तिथं ठोकला. मूठ घासत का होईना, आत गेली. सगळे खूश. मी सवयीनं मोजायला व्हर्नियर लावला तर डब्याची आतली रुंदी साडेपन्नास! मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. त्यांच्या खिशातली पट्टी श्रिंकेजची होती. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी तेवढी मोठीच आखलेली असते. तीस वर्षांत त्यांनी दुसरी पट्टी वापरली नसेल. स्पर्धेतला डबाही असाच अर्धा मिलिमीटर सैल निघेल याची हमी कोण देणार? अंगठ्याच्या आधारावरून आणखी एक पापुद्रा काढला.

पैसे देताना वडिलांनी पिशवी उघडली, मोजली, पुन्हा गाठ मारली. परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "लाखावर उरलं की. आणखी एक म्हस घेतो म्हणतोय."

मागच्या सीटवरून, पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन, पोरगी म्हणाली, "तिची धार तुम्ही काढायची."