एसटीची पहिली पायरी

आमच्या संस्थेच्या बीजनिधी समितीची बैठक दुपारी दोनला सुरू होते आणि साडेपाचला उरकावीच लागते. त्या दिवशी अकरा नवे अर्ज होते आणि चार अंतिम अहवाल. तिसरा अहवाल एका तरुण फिजिओथेरपिस्टचा. सत्तरीपुढच्या, हिंडणं-फिरणं कमी झालेल्या ग्रामीण वृद्धांना 12 आठवडे घरच्या घरी व्यायाम द्यायचा आणि फरक पडतो का ते पाहायचं. 30 जण घेतले, 27 टिकले. एसपीपीबी या तोल, चाल आणि पायांची ताकद तपासणाऱ्या चाचणीचे सरासरी गुण सुरुवातीला 10.4, शेवटी 10.6.

"फरकच नाही," म्हणत एका ज्येष्ठ सदस्यांनी फाइल मिटली. "पुढचा निधी नको."

मी मात्र 10.6 वर नाही, 10.4 वर अडकले होते.

एसपीपीबी ही 12 गुणांची साधी चाचणी. आधी तोल: पावलं जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक, प्रत्येकी 10 सेकंद उभं राहायचं. मग 4 मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, 4.82 सेकंदांच्या आत पोचलं तर पुरते 4 गुण. शेवटी हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. 16.7 सेकंदांहून जास्त लागले तर 1 गुण, मिनिटभरात जमलंच नाही तर शून्य. 10.4 गुणांची माणसं म्हणजे आठवड्याचा बाजार स्वतः करून येणारी माणसं. त्यांना सुधारायला वर जागाच दीड गुणाची. वृद्धांच्या व्यायामावरच्या अमेरिकेतल्या 'लाइफ' अभ्यासात 70 ते 89 वयाचे आणि 9 किंवा त्याहून कमी गुणांचेच लोक घेतले होते. आधी 424 जणांवर पायलट, म्हणजे छोटा पूर्वअभ्यास, मग 1,635 जणांवर मुख्य अभ्यास. 2014 साली निकाल आला: 400 मीटर चालण्याची ताकद गमावणारे व्यायामाच्या गटात 30.1 टक्के, आरोग्यशिक्षणाच्या गटात 35.5 टक्के. एवढा फरक पकडायला माणसं भरपूर लागतात आणि नेमकीही लागतात.

या मुलीच्या मूळ अर्जातही 9 ची अट होती. मग 10.4 आले कुठून?

मी जुनी फाइल मागवली. अर्जात 'घरभेटी' असा एक रकाना होता: फील्ड वर्करचं पेट्रोल आणि तपासणीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाजवळ थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी. आम्ही तो कापला होता. कारण इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे: "75 पुढे एसटी मोफत, तपासण्या रुग्णालयात घ्याव्यात." लेखा विभागाचा हा मुद्दा तेव्हा सगळ्यांना बिनतोड वाटला होता. खोटाही नव्हता. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. योजना चांगलीच आहे. पण इथे अडचण तिकिटाची नव्हती, एसटीच्या पहिल्या पायरीची होती. दांडा धरायचा, एका पायावर सगळा भार घ्यायचा आणि अंग वर ओढायचं, तेही मागून लोक रेटत असताना. म्हणजे खुर्चीतून उठण्याचीच परीक्षा, तिच्याहून कठीण. ज्याला खुर्चीतून पाच वेळा उठता येत नाही, तो ती पायरी चढत नाही. आमच्या अभ्यासातली माणसं त्या पायरीने निवडली.

पुढचं सगळं कागदोपत्री रीतसर झालं. पहिल्या चार महिन्यांत सहाच जण मिळाले. मुदत संपत आली, तसा तिने संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे बदल मागितला आणि 9 ची अट काढली. उरलेले 24 जण सात आठवड्यांत भरले. बदलाचं पत्र आमच्याकडेही आलं होतं. आवक क्रमांक पडून फाइलला लागलं, वाचलं कोणी नाही. तरुण संशोधक निधी देणाऱ्यांशी भांडत नाहीत, मिळेल त्या पैशात अभ्यास बसवतात. तो बसवताना प्रश्नच बदलून जातो, हे कळायला हवं ते आम्हाला.

आणि 27 जण टिकले याचं कौतुक किती करायचं? 30 पैकी 27 म्हणजे 90 टक्के, पण एवढ्या लहान संख्येत खरं प्रमाण साधारण 73 ते 98 मध्ये कुठेही असू शकतं.

सगळ्यात मोलाचा कागद परिशिष्टात शेवटी होता: स्क्रीनिंग लॉग. ज्यांना विचारलं पण जे आले नाहीत, त्यांची यादी. नावं नाहीत, फक्त वय आणि कारण. "सोबत यायला कोणी नाही." "सून कामावर जाते." "गाडीत चढवत नाही." पुन्हा "गाडीत चढवत नाही." गावोगावच्या आशाताईंनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलेलं. पायलटकडून जे शिकायचं ते या पानावर होतं. मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. फाइल मिटलेल्या सदस्यांनी ती पुन्हा उघडली, हे त्यांच्याबद्दल आदराने सांगायला हवं.

घरी जाऊन तपासणं सोपं नाही, म्हणून त्यावर अर्धा तास गेला. गावातल्या घरात बिनहाताची खुर्ची बहुधा नसते. प्लास्टिकची असते ती हातांची, आणि शहाबादी फरशीवर मागे सरकते. मागे भिंत हवी, बैठक दर घरी त्याच उंचीची हवी, नाहीतर दोन घरांचे सेकंद एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. 4 मीटर सरळ जागा ओटीवर मिळते, कधी गल्लीतच आखावी लागते. पहिल्या भेटीत जिथे आखली तिथेच शेवटच्या भेटीत. संमतिपत्रावर अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. शेजारीण चालते, आमचा फील्ड वर्कर नाही. या सगळ्यामुळे दिवसाला तीनच घरं होतात. म्हणूनच तो रकाना एवढा महाग दिसत होता.

15 जणांसाठी निधी मंजूर झाला. अट 9 ची, तपासणी घरी. व्यायाम लागू पडतो का, हे 15 जणांवर ठरत नाही आणि ते तिला विचारायचंही नाही. अशी माणसं अभ्यासात येतात का, टिकतात का, कुणी पडतं का, एवढंच पाहायचं. शिवाय स्क्रीनिंग लॉग यापुढे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानांत.

बुडालेल्या मजुरीचं मात्र अजून अडलंय. आमिष वाटणार नाही एवढी रक्कम द्यायला एथिक्स कमिटीची हरकत नाही. लेखा विभागाकडून फाइल दोनदा परत आली: "मॅडम, हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचं?" आमच्या नमुन्यात तसं शीर्षच नाही. प्रवासात टाकावं तर तिकीट मागतात, मानधनात टाकावं तर पॅन. तिसऱ्यांदा पाठवताना मी लॉगचं ते पान जोडलं आहे. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तोवर सुताराकडून 44 सेंटिमीटर उंचीची घडीची बिनहाताची खुर्ची करून घेतली आहे, स्कूटीच्या मागे बांधता येईल अशी.