कमांड पाठ करू नका, पाइप शिका

लिनक्स नवीन टाकलं की बरेच जण आधी कमांडची एक लांबलचक यादी शोधतात, ती पाठ करायला बसतात आणि थोड्याच दिवसात कंटाळून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती खिडकी, बंद करतात ते कायमचंच. मला मनापासून वाटतं की सुरुवात अशी करूच नये. एलएस, सीडी, सीपी, एमव्ही, लेस, ग्रेप अशा दहाबारा कमांडवर रोजचं काम निघतं, आणि खरी ताकद आहे ती त्या एकमेकींना जोडण्यात.

आता समजा डिस्क भरत आलीये आणि जागा नेमकी कोण खातंय तेच कळत नाहीये. होम फोल्डरमधे जायचं आणि टाइप करायचं डीयू मायनस एच मायनस डी १. डीयू जागा मोजते, मायनस एच आकडे एम (मेगाबाइट), जी (गिगाबाइट) असे वाचता येतील असे दाखवतो, आणि मायनस डी १ म्हणजे फक्त एक पातळी आतपर्यंतचे फोल्डर. प्रत्येक फोल्डर किती मोठा ते येतं, शेवटच्या ओळीत सगळ्यांची बेरीज पण येते, पण क्रम काहीच नाही, लहानमोठं सगळं मिसळलेलं. मग त्याच ओळीत पुढे ती उभी रेघ, म्हणजे पाइप, आणि त्यापुढे क्रम लावणारी कमांड, सॉर्ट मायनस एच. झालं, सगळ्यात मोठे फोल्डर आपोआप तळाशी. इथे मायनस एन का नाही, तर तो फक्त आकडा बघतो, म्हणजे ९००एम त्याला २जी पेक्षा मोठं वाटतं, मायनस एचला मात्र ते एम आणि जी कळतं. आणि हो, डीयूच्या पुढे नुसता स्टार, म्हणजे 'इथलं सगळं', दिला तर डॉटने सुरू होणारे फोल्डर त्यात येत नाहीत, आणि बऱ्याचदा जागा खाणारा असतो तो डॉट कॅशे, म्हणजे प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, म्हणून मी मायनस डी वापरते.

ही पाइपची कल्पना बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांची, ते बरीच वर्षं तिच्या मागे होते, शेवटी १९७३ मधे त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समधे, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या सिस्टिममधे, आणली. मधे कुठली तात्पुरती फाइल बनवावी लागत नाही, दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात आणि एकाचं आउटपुट सरळ दुसऱ्याच्या तोंडात. इतक्या वर्षांनी आजही ती तशीच चालते याचं मला खूप अप्रूप आहे.

ऑप्शन लक्षात राहत नाहीत? नका ठेवू. मॅन म्हणजे मॅन्युअल, कमांडची माहितीपुस्तिका; मॅन सॉर्ट टाइप करा, स्लॅश दाबून हवा तो शब्द शोधा, एन दाबलं की पुढचा सापडतो, क्यू दाबलं की बाहेर. कमांडचं नावच माहीत नसेल तर मॅन मायनस के आणि पुढे विषयाचा इंग्रजी शब्द. आणि एकदा लिहिलेली लांब ओळ परत हवी असेल तर कंट्रोल आर दाबून तिच्यातला एखादा तुकडा टाइप करा, ती समोर येते.

फक्त आरएमला, म्हणजे फाइल डिलीट करणाऱ्या कमांडला, जपून. ती कचरापेटीत काही टाकत नाही, सरळ उडवते. स्टार लावून काही डिलीट करायचं असेल तर तोच पॅटर्न आधी एलएसला, म्हणजे फाइलींची नावं दाखवणाऱ्या कमांडला, द्या, जी नावं दिसतील तीच जाणार आहेत, नीट वाचा, मग वरचा बाण दाबून ओळ परत आणा आणि एलएसच्या जागी आरएम करा.