‘साक्षीदार मिळून आला नाही’ एवढ्यावर भागत नाही

‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. शेजारी विचारपूस करता खोली सोडून गेल्याचे समजले.’ समन्सच्या मागे हवालदाराने लिहिलेल्या या दोन ओळी फौजदारी कोर्टात रोज फाईलला लागतात. पुढच्या तारखेला हाच शेरा, त्याच्या पुढच्या तारखेला वॉरंटवरही हाच शेरा. मग सरकारी वकील अर्ज देतात की साक्षीदार सापडत नाही, सबब त्याची आधीची साक्ष वाचावी.

गाडी अडते ती इथे. साक्षीदार सापडत नाही ही परिस्थिती नाही, ती सिद्ध करायची गोष्ट आहे. आणि ती सिद्ध करण्याचा बोजा ज्याला ती साक्ष वापरायची आहे त्याच्यावर असतो.

कलमांचे आकडे आधी सांगून टाकतो, कारण सध्या दोन्ही कायदे शेजारीशेजारी चालू आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात. जुन्यातलं कलम 33 ते नव्यातलं 27. मजकूर जवळजवळ तोच. साक्षीदार मयत आहे, सापडत नाही, साक्ष देण्यास असमर्थ आहे, विरुद्ध पक्षाने त्याला दूर ठेवलं आहे किंवा त्याला आणण्यात अवाजवी वेळ-पैसा जाईल, यातलं एक कारण लागतं. शिवाय तीन अटी: पक्षकार तेच, वादाचे मुद्दे मुख्यतः तेच, आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष वापरायची त्याला पहिल्या वेळी उलटतपासणीचा हक्क आणि संधी दोन्ही मिळालेली. फौजदारी खटला हा सरकार आणि आरोपी यांच्यातला धरला जातो, त्यामुळे पक्षकारांचा प्रश्न सहसा येत नाही. भांडण होतं ते वरच्या पाचपैकी कारण सिद्ध झालं का यावर आणि ‘संधी’ या शब्दावर.

कारण काटेकोरपणे सिद्ध झालं पाहिजे, हे प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) चैंचल सिंह प्रकरणात ब्रिटिश काळातच सांगून ठेवलं. मयत असेल तर मृत्यू दाखला आणि तो त्याच माणसाचा आहे हे सांगणारा कोणी. आजारी असेल तर डॉक्टर. नुसती ‘बेड रेस्ट’ची चिठ्ठी नव्हे, तर साक्ष देणं का शक्य नाही ते सांगणारा. ‘सापडत नाही’ असेल तर ज्याने शोध घेतला त्या पोलिसाला शपथेवर पिंजऱ्यात उभं करावं लागतं, आणि त्याची उलटतपासणी होऊ द्यावी लागते. त्याला काय विचारायचं? किती वेळा गेलात, कुठल्या तारखांना, स्टेशन डायरीत नोंद आहे का. शेजारी म्हणजे कोण, त्याचा जबाब घेतला का. जबाबात मोबाइल नंबर होता, तो लावून पाहिला का. साक्षीदार कामाला होता ती कंपनी, मुकादम, मूळ गाव, सासुरवाडी यांपैकी कुठे चौकशी केली. मतदार यादी पाहिली का. भाड्याच्या खोलीत राहणारा, हंगामी कामासाठी आलेला साक्षीदार असेल तर आरोपपत्रातला पत्ता सहा महिन्यांतच शिळा होतो. तपास अधिकाऱ्याने जबाब घेतानाच गावचा पत्ता आणि एका नातेवाइकाचा नंबर लिहून घेतला असता तर निम्मे अर्ज करावेच लागले नसते.

आता ‘संधी’.

सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न) झाली, आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, साक्षीच्या खाली ‘नो क्रॉस’, म्हणजे उलटतपासणी नाही, असं लिहिलं गेलं. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) एक ओळ. दोन वर्षांनी साक्षीदार वारला. कागदावर संधी होती, ती घेतली नाही, असं सरकार पक्ष म्हणणार. आणि वकील हजर होता, त्याने जाणूनबुजून प्रश्न विचारले नाहीत, अशी नोंद असेल तर ते खरंही ठरेल. पण आरोपीला वकीलच नसेल तर? 1997 च्या दिल्ली बसस्फोटाच्या खटल्यात 65 पैकी 56 साक्षीदार आरोपीला वकील नसताना तपासले गेले होते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पहिल्यापासून चालवायला लावला. म्हणून ‘नो क्रॉस’ लिहिण्याआधी न्यायाधीशाने विधी सेवा प्राधिकरणाचा वकील दिला की नाही, त्याला कागद वाचायला वेळ दिला की नाही, हे रोजनाम्यात दिसलं पाहिजे. सकाळी नेमणूक आणि दुपारी उलटतपासणी, ही संधी नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी. सरतपासणी झाली की उलटतपासणीला लांबची तारीख मागायची, ही बचाव पक्षाची जुनी चाल. मधल्या काळात साक्षीदाराला गाठता येतं. विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या 2015 च्या निकालात दोन्हींमध्ये सुमारे 20 महिन्यांचं अंतर होतं आणि साक्षीदार फिरला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धतीवर कडक शब्दांत कोरडे ओढले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 346 तहकुबीला (पुढची तारीख घेण्याला) दोनची मर्यादा घालतं, तीही पक्षाच्या हाताबाहेरचं कारण असेल तर. आणि तारीख मागून घेणाऱ्या वकिलाने हेही लक्षात ठेवावं की मधल्या काळात साक्षीदार गेला तर अर्धी साक्ष मागे राहते. तिचं काय करायचं यावर उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत: काही ती वाचूच नये म्हणतात, काही म्हणतात वाचावी पण वजन बेतानं द्यावं. ज्याने स्वतःच तारीख घेतली त्याच्या बाजूने हा वाद सुटेलच असं नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज 164 च्या जबाबाबद्दल आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 164, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 183. मॅजिस्ट्रेटसमोर, शपथेवर, स्वतःच्या सहीने दिलेला जबाब, म्हणजे साक्षीदार आला नाही तरी काम झालं असं फिर्यादीच्या घरच्यांना वाटतं, आणि कधीकधी पोलिसांनाही. तसं नाही. तो जबाब नोंदवताना आरोपी तिथे नसतो, त्याचा वकील नसतो, प्रश्न विचारायची सोयच नसते. म्हणून तो मूळ पुरावा होत नाही. साक्षीदार कोर्टात उभा राहिला तर त्याला दुजोरा द्यायला किंवा खोटं पाडायला तो कामी येतो; साक्षीदारच नाही, तर तो नुसता कागद. नव्या कायद्याने दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा असा जबाब घेणं मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक केलंय. चांगलंच आहे, पण त्याने हा नियम बदललेला नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जुन्या संहितेच्या कलम 161 च्या जबाबाची गोष्ट तर आणखी दुबळी. एफआयआर देणारा मधल्या काळात हृदयविकाराने गेला, तर ठाणे अंमलदार येऊन ‘अमुक वाजता फिर्याद नोंदवली’ एवढंच सिद्ध करू शकतो. आतला मजकूर खरा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

तोच फिर्यादी त्याच मारहाणीत झालेल्या जखमांनी गेला असेल, तर चित्र पालटतं. मग तीच फिर्याद मृत्युपूर्व जबाब होते (जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 32 चं पहिलं पोटकलम, नव्यातलं 26 चं), कारण ती त्याच्या स्वतःच्या मृत्यूच्या कारणाबद्दल आहे. उलटतपासणी न होता शिक्षेचा पाया होऊ शकणारा हा सगळ्यात मोठा अपवाद, आणि त्याचे मोठे निकाल आपल्याकडचेच आहेत. नागपूरच्या खुनातला खुशाल राव निकाल (1958 चे रिपोर्ट) म्हणतो, जबाब विश्वासार्ह असेल तर फक्त त्यावर शिक्षा होऊ शकते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 2002, पाच न्यायमूर्तींचं पीठ: डॉक्टरचा ‘शुद्धीवर आहे’ असा शेरा नसला तरी जबाब आपोआप बाद होत नाही, जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली पुरे. तरीही शेरा घ्यावाच. जळीत केसमध्ये जबाब सुरू करण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा असे दोन शेरे, वेळेसकट, असले की वादाला जागा उरत नाही. भाजलेल्या हाताचा अंगठा उठला कसा, पेथिडिन (गुंगी आणणारं वेदनाशामक) कधी दिलं, खोलीत माहेरचं कोण होतं, नायब तहसीलदाराने प्रश्न विचारले की छापील नमुना भरला, हे बचावाचे ठरलेले मुद्दे आहेत आणि रास्त आहेत.

बचावाच्या बाजूने एक हत्यार मात्र फार कमी वापरलं जातं. पुरावा कायद्याचं कलम 158, नव्या साक्ष्य अधिनियमात 161. गैरहजर माणसाचं म्हणणं 26 किंवा 27 खाली वाचलं गेलं, तर तो पिंजऱ्यात उभा असता तेव्हा त्याला खोटं पाडायला जे जे सिद्ध करता आलं असतं, ते सगळं आताही सिद्ध करता येतं. दुसरा विसंगत जबाब, दवाखान्याच्या केसपेपरवर नोंदलेलं ‘स्टोव्हचा भडका’ हे कारण, जुनं वैर. मयताला प्रश्न विचारता येत नाहीत, पण त्याच्या शब्दांना विचारता येतात.

फरार आरोपीचा मामला वेगळा. चौघांवर आरोप, एक पळालेला, तिघांवर खटला चालतो, साक्षीदार साक्ष देतो आणि वारतो. दहा वर्षांनी चौथा सापडतो. ती साक्ष त्याच्याविरुद्ध 33 खाली वाचता येत नाही. त्याला संधीच नव्हती. त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 299 (आता नव्या संहितेचं 335) आहे, पण तिथे दोन गोष्टी आधी सिद्ध व्हाव्या लागतात: तो फरार आहे, आणि लगेच अटक होण्याची शक्यता नाही. जयेंद्र विष्णु ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 2009. आरोपीला फरार म्हटलं होतं आणि तो दिल्लीत दुसऱ्या प्रकरणात कोठडीत होता. मयत साक्षीदारांच्या साक्षी त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. चूक नेहमी एकाच जागी होते: उद्घोषणा (आरोपीने हजर व्हावं असा जाहीर हुकूम) निघते, आरोपपत्रात ‘फरार’ लिहिलं जातं, खटला वेगळा काढला जातो, पण 299 खाली पोलिसाची साक्ष आणि कोर्टाचा आदेश राहून जातो. सरकारी वकिलाने पहिल्या साक्षीदाराच्या आधी तो आदेश मागायचा असतो. नंतर मागून उपयोग नाही.

परदेशात साक्षीदार असेल तर 2003 च्या प्रफुल्ल देसाई निकालापासून रस्ता मोकळा आहे. मुंबईतल्याच खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. फेब्रुवारी 2016 मध्ये 26/11 च्या कटातल्या डेव्हिड हेडलीची साक्ष मुंबईच्या विशेष न्यायालयाने याच पद्धतीने नोंदवली. इथे घोटाळा तंत्रापेक्षा कागदांत होतो. उलटतपासणीत दाखवायचे दस्तऐवज निशाणी क्रमांकासह (कोर्टाने पुराव्याला दिलेल्या क्रमांकासह) तिकडे आधी पोचले नाहीत, तर विसंगती दाखवायची कशी? आणि साक्षीदाराच्या खोलीत कॅमेऱ्यामागे कोण बसलंय हे पाहायला कोर्टाने नेमलेला माणूस तिकडे हवाच.

युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयाने हाच प्रश्न जर्मनीच्या शाचाश्विली प्रकरणात हाताळला. 15 डिसेंबर 2015 चा निकाल. गॉटिंगेनमधल्या दरोड्याच्या दोन बळी स्त्रिया लाटव्हियाला परत गेल्या आणि साक्षीला आल्या नाहीत. त्यांना आणायचा प्रयत्न जर्मन कोर्टाने पुरेसा केला होता, हे मान्य झालं. तरी जर्मनी हरलं, कारण त्या निघून जाणार हे तपासातच ठाऊक होतं आणि तपास न्यायाधीशासमोर त्यांचे जबाब घेताना आरोपीसाठी वकील नेमता आला असता, तो नेमला नाही. आपल्या 183 मध्ये अशी सोय नाही. माझ्या मते नव्या संहितेत ती घालायची संधी वाया गेली: साक्षीदार जाणार हे दिसत असेल, तर त्याच दिवशी आरोपीच्या वकिलाला बोलवा आणि प्रश्न विचारू द्या.

त्याऐवजी काय आलं? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 336. अहवाल तयार करणारा डॉक्टर, तज्ज्ञ किंवा तपास अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला, वारला, सापडत नाही किंवा त्याला आणायला उशीर होईल, तर त्या पदावरचा सध्याचा अधिकारी त्या अहवालाबद्दल साक्ष देईल. कोर्टाचा वेळ वाचेल, नाकारत नाही. पण पी. एम. नोट्समध्ये (शवविच्छेदनाच्या नोंदींत) जखमेची खोली लिहिलेली नसेल, तर ज्याने प्रेत पाहिलंच नाही तो काय सांगणार? तेव्हा बचावाच्या वकिलांनी अहवाल वादग्रस्त आहे हे लेखी नोंदवावं, कारण वाद नसेल तर कोणालाच बोलावलं जात नाही. मूळ अधिकारी निव्वळ बदलून गेला असेल तर त्याचीच साक्ष व्हिडिओवर मागावी. गडचिरोलीहून ठाण्याच्या कोर्टात बोलणं आता अवघड राहिलेलं नाही. आणि तरीही बदली अधिकारीच उभा केला, तर त्याला पहिला प्रश्न एवढाच विचारावा: या कागदापलीकडे तुम्हाला या प्रकरणाची काही माहिती आहे का? ‘नाही’ हे उत्तर साक्षीत शब्दशः उतरवून घ्यावं.