तुम्ही विचारलंत म्हणून: "आजवर काही झाले नाही, मग धोका कुठे आहे?"

जळगाव, धुळे आणि अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना मी कामगार-सुरक्षेचा सल्ला देते. दालमिल असो, तेलगिरणी असो, चटईचा किंवा पाइपचा कारखाना असो की कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंग, पहिल्या चहाबरोबर एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, वडिलांच्या काळापासून कारखाना चालू आहे, आजवर कुणाचे बोटही कापले गेले नाही. मग तुम्ही एवढे धोके शोधून कुठून काढता?" शिरपूरजवळ वाघाडी येथे 31 ऑगस्ट 2019 रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली, तेव्हा काही महिने हा प्रश्न बंद झाला होता. नंतर तो पुन्हा सुरू झाला. मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते दर वेळी अपुरे राहते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

इजा किती गंभीर होईल आणि ती होण्याची शक्यता किती, या दोन रकान्यांवर आमचे मूल्यांकन उभे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या रकान्यावर कुणी वाद घालत नाही; फिरत्या यंत्रात पाय गेला तर काय होते हे सर्वांना कळते. दुसऱ्या रकान्यात मात्र "वीस वर्षांत एकदाही नाही, म्हणजे एक लिहा" असे, म्हणजे सर्वांत कमी आकडा, शेठच सुचवतात. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात वीस वर्षे गंभीर अपघात न होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, कारण इतक्या कमी माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. शक्यता रोजच्या कामावरून काढावी लागते: फिरत्या यंत्रावरचे झाकण दिवसातून किती वेळा उघडते, ते उघडे असताना तिथून किती जण जातात, आणि कुणाचा तोल गेलाच तर इजा होण्याआधी त्याला अडवणारे मध्ये काही आहे का. शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत अजून कुणी पडले नाही म्हणून आपण लेकरांना तिच्या काठावर खेळू देत नाही. हे मी सांगितले की शेतकरी घरातून आलेले शेठ मान डोलावतात, आणि कारखान्यातल्या यंत्राच्या नाल्यावरचे झाकण मात्र तसेच राहते.

त्या नाल्याविषयीच मला लिहायचे आहे. काही वर्षांपूर्वी पारोळ्याच्या बाजूच्या एका जिनिंगमध्ये मी हंगामाच्या तोंडावर पाहणी केली. जिनिंगच्या यंत्रांतून पडणारी सरकी जमिनीतल्या नाल्यात येते आणि नाल्यातला फिरता स्क्रू ती ओढत ढिगाकडे नेतो. मी गेले तेव्हा नाल्यावर सर्व लोखंडी झाकणे जागच्या जागी होती. परंतु त्यांना बोल्ट नव्हते, आणि मधल्या दोन झाकणांच्या कडा घासून चकाकत होत्या. जे झाकण उघडले जात नाही त्यावर गंज चढतो, इतके सरळ ते होते. फिटरला विचारल्यावर त्याने सांगितले की परतीच्या पावसात भिजलेला कापूस आला की सरकी चिकटते, स्क्रू चोक होतो, आणि मग झाकण काढून काठीने ती मोकळी करावी लागते. स्क्रू बंद का करत नाही, या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याकडे होते: स्क्रू थांबला तर सगळी यंत्रे थांबवावी लागतात, आणि फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग उभी असते.

मी अहवालात लिहिले की झाकणाखाली सळ्यांची जाळी बसवावी, म्हणजे चोक दिसेल पण पाय आत जाणार नाही. झाकण उचलताच वीज तुटेल असा स्विच लावावा. नाल्याच्या लांबीभर ओढायची दोरी ठेवावी, म्हणजे कुणालाही कुठूनही यंत्र बंद करता येईल. आणि ओला कापूस वेगळा काढून वाळवल्यानंतरच यंत्रावर घ्यावा. शेठ सभ्य माणूस होता, त्याने सगळे ऐकून घेतले. त्यानंतर त्याने हेल्मेटे आणली आणि भिंतीवर "झाकण उघडू नये" असा फलक लावला.

जानेवारीत संध्याकाळच्या पाळीत एक झाकण काढलेले होते आणि त्या जागी नुसता पत्रा टाकला होता. खराट्याने सरकी लोटणाऱ्या एका बाईचा पाय त्या पत्र्यावर पडला, पत्रा सरकला, आणि स्क्रूने पाय धरला. स्क्रू चालू-बंद करायचा स्टार्टर शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. आजूबाजूच्या बायांना तो कुठला ते माहीत नव्हते, कारण त्यांना ते कुणी कधी दाखवलेच नव्हते. फिटर धावत जाऊन बंद करीपर्यंत जो वेळ गेला तो गेला. जळगावला नेऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तिच्या डोक्यावर हेल्मेट होते.

दोन दिवसांनी मी तिथे गेले आणि बायांशी बोलले. त्या म्हणाल्या, "हाई ते रोजनंच शे, ताई," म्हणजे हे तर रोजचेच आहे. महिनाभरापूर्वी याच नाल्याने एकीची चप्पल ओढून नेली होती, आणि त्या दिवशी चपलेचे पैसे कोण देणार यावरच बोलणे झाले होते. "आजवर काही झाले नाही" या वाक्यात ती चप्पल कुठेच नव्हती. थोडक्यात वाचण्याच्या घटना कुणी वहीत लिहीत नाही, म्हणून मालकाला खरोखरच असे वाटत राहते की काहीच घडलेले नाही. तो खोटे बोलत नव्हता. हे मला आजही सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

पुढचे थोडक्यात सांगते. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 33 नुसार जमिनीतला धोकादायक खड्डा किंवा उघडी जागा भक्कम झाकलेली किंवा कुंपण घातलेली हवी होती, आणि कलम 21 नुसार यंत्र चालू असताना त्याचे संरक्षक आवरण जागेवरच असायला हवे होते. कर्मचारी राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि त्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग नावानिशी होते. त्यामुळे तो आधार तिला नव्हता. उरली ती 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालची भरपाई, जी मागताना ती नेमकी कुणाची कामगार, शेठची की ठेकेदाराची, इथूनच वाद सुरू झाला.

"मग बायांनीच सांभाळून चालायला नको का?" असे तुम्ही म्हणाल. मोठ्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा मीही तेच म्हणत असे. अपघाताच्या अर्जात कारणाच्या जागी "निष्काळजीपणा" हा शब्द मला पुरेसा वाटे. त्या काळातली मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, त्या बाईला त्या बाजूने जाऊ नको असे सांगितले होते, आणि हे खरे आहे. मी तिला म्हणते की आठ तास खराटा मारून थकलेल्या माणसाचे पाऊल चुकणारच, हे धरूनच नाल्याची रचना करायला हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा प्लास्टिक वितळवून बाहेर काढणाऱ्या यंत्राजवळचा, तापलेल्या एक्स्ट्रूडरजवळचा, मुलगा मास्क आणि हातमोजे काढून ठेवतो. त्याला शिस्त लावण्याआधी तिथली वाफ ओढून घेणारा पंखा लावला पाहिजे. आधी धोका काढून टाकावा, ते न जमल्यास त्याला अडवावा, आणि अंगावर चढवायची साधने सर्वांत शेवटी धरावीत, हा क्रम म्हणूनच आहे. तरीही शिस्तीचा प्रश्न संपतो असे मी म्हणू शकत नाही, कारण त्याच जिनिंगमध्ये बसवलेला स्विच पुढच्या हंगामात तारेने बांधून ठेवलेला मी पाहिला आहे.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारत नाही, पण तो तुमच्या मनात असतो: इतके दिसत होते तर तुम्ही कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार का केली नाही? माझ्याकडे काम थांबवण्याचा अधिकार नाही, मी बोलावल्यावर जाणारी सल्लागार आहे, हे उत्तर खरे आहे. एकदा तक्रार केली की पट्ट्यातली बाकीची फाटके मला बंद होतील आणि तिथल्या नाल्यांकडे पाहायला कुणीच जाणार नाही, हेही खरे आहे. ही दोन्ही उत्तरे त्या बाईसमोर मी देऊ शकेन का, याचा निर्णय माझ्याच्याने झालेला नाही.

तेव्हापासून मी एवढेच बदलले आहे की पाहणीआधी मालकाला बाजूला ठेवून बायांशी बोलते, "थोडक्यात कोण वाचले" हे विचारते, आणि जे काम दुरुस्तीपर्यंत बंदच राहिले पाहिजे ते अहवालाच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून मालकाची सही घेते. काही शेठ सही करतात. काहींनी सही न करता अहवाल ठेवून घेतला आणि मला पुन्हा बोलावले नाही. त्यांच्या नाल्यांवर आता जाळी आहे की पत्रा, हे कळण्याचा मार्ग माझ्याकडे नाही.