चिखलकाल्याचा फोटो स्पर्धेला पाठवताना

आमच्या भागातल्या युवक मंडळाने यंदा छायाचित्र स्पर्धा ठेवली. विषय 'गोव्यातला पाऊस', निकाल जागतिक छायाचित्रण दिनी, म्हणजे १९ ऑगस्टला. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सने दागेरोटाइपची, म्हणजे फोटो काढण्याच्या एका सुरुवातीच्या पद्धतीची, कृती सगळ्यांसाठी खुली केली होती. स्पर्धेला फी नव्हती आणि मोबाइलवरचा फोटोही चालणार होता. पण माणशी एकच फोटो! हार्डडिस्कवर ढीगभर फोटो असणाऱ्यांची या एका अटीने चांगलीच जिरवली.

पाऊस म्हटलं की दूधसागर, मिरामारच्या लाटा, नाहीतर पणजीतल्या जुन्या वस्तीतली पिवळी भिंत आणि तिच्यासमोर लाल छत्री. सुंदरच असतात हे फोटो, आणि पंचाईत तिथेच आहे. परीक्षकासमोर असे वीस सुंदर फोटो ओळीने आले की त्याला विसावाही दिसत नाही, पहिलाही आठवत नाही.

मी गोव्यातल्याच माशेल गावी गेले. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात भजन सुरू होतं आणि द्वादशीला समोरच्या मैदानावर चिखलकाला, म्हणजे चिखलात लोळत खेळायचा खेळ, रंगतो. तिथेही कॅमेऱ्यांची गर्दी असते. पण सगळ्यांना हवा असतो तो उडता चिखल, त्यामुळे सगळे पुढे रेटतात. मी कडेला उभी राहिले. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, तिला रबरबँड, आणि लेन्स पुसायला चष्म्याचं फडकं, एवढीच तयारी. आभाळ भरलेलं असलं की उजेड मऊ पडतो, चेहऱ्यांवर काळ्या सावल्या येत नाहीत. मात्र चौकटभर काळपट चिखल असला की कॅमेरा फसतो आणि सगळं उजळवून राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं उणे केलं. शटर एक हजारांश सेकंदावर, कारण त्याहून संथ ठेवलं तर उडणारे थेंब पुसट रेघा होतात.

मला हवा तो क्षण खेळ मोडताना मिळाला. डोक्यापासून पायापर्यंत माखलेला एक बाप आपल्या लहान मुलाला उचलायला हात पसरून पुढे आला. मुलगा स्वच्छ, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याने बापाला ओळखलंच नाही, किंवा ओळखूनही नको म्हणाला. मागे एका पुढाऱ्याचा बॅनर होता. मी दोन पावलं डावीकडे सरकले, तेव्हा बॅनर चौकटीबाहेर गेला आणि मागे नुसती ओली भिंत उरली. बाजूची आजी म्हणाली, "मातशें पयस राव गे!" म्हणजे जरा लांब उभी राहा गं. तिला पोराचा चेहरा दिसत नव्हता. मग बापाची परवानगी घेतली. लहान मूल ओळखू येत असेल तर पालकांची लेखी संमती जोडा, असं नियमांत होतं आणि ते योग्यच आहे.

निवड करताना एक युक्ती उपयोगी पडली. फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढा करायचा आणि स्वयंपाकात गुंतलेल्या वहिनीला दाखवायचा. "हा मुलगा घाबरलाय का?" असं तिने या एकाच फोटोबद्दल विचारलं. बाकीच्यांना "छान आहे."

फोटोच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली होती. काही पुसायला किंवा जोडायला मनाई, पण कापायला मुभा होती. कापल्यावर ४८०० बाय ३२०० पिक्सेल उरले, म्हणजे १८ बाय १२ इंचांच्या प्रिंटला इंचाला सुमारे २६७ पिक्सेल. भिंतीवर लावायला भरपूर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला असता तर आकार दाबला गेला असता, म्हणून मूळ फाइल ईमेलने पाठवली.

परीक्षण सगळ्यांसमोर झालं. पहिल्या फेरीत प्रत्येक फोटो पडद्यावर जेमतेम काही सेकंद. धीवर पक्ष्याचा एक फोटो इतका धारदार की पिसं मोजावीत, पण तो गेला. "पक्षी दिसला, पाऊस कुठे?" असं एक परीक्षक म्हणाले. मला ते थोडं कडक वाटलं. पण हिरवा रंग भडक करून आणलेल्या शेतांना त्यांनी हात जोडले, तेव्हा मनापासून बरं वाटलं. माझ्या फोटोवरून दोघांत जुंपली. एकाला तो कृष्णधवल हवा होता. दुसऱ्या म्हणाल्या, चिखलाचा रंगच काढला तर बाप परका वाटेल कशाने?

मला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं आलं ते खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) रात्री मोबाइलने काढलेल्या फोटोला. ओहोटीच्या पाण्यात जाळं लावणारा माणूस, उजेड फक्त त्याच्या कपाळावरच्या बॅटरीचा, त्यात पावसाच्या तिरप्या रेघा. माझ्यापेक्षा तो सरस होता यात वादच नाही. तिथे रात्री, ओहोटीच्या वेळेला, कोणीतरी उभं होतं, हीच त्याची निम्मी कमाई.

पुढच्या वर्षीचा विषय माटोळी आहे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. घरातली माटोळी डोक्यावर टांगलेली असते, खालून काढली की मागे नुसतं छप्पर येतं. त्यामुळे मी चतुर्थीच्या आधी माटोळीच्या बाजारात जाणार आहे, सत्तरी तालुक्यातून रानफळं घेऊन बायका बसतात तिथे, आणि शक्यतो उजाडण्यापूर्वी.