तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक अँड व्हाइटसाठी फिल्म की डिजिटल?

"ब्लॅक अँड व्हाइटच करायचंय, तर फिल्म घेऊ की डिजिटलच बरं?" हे मला कायम विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, असतो. माझ्या मते खरा फरक पांढऱ्यात आहे.

भर उन्हात वाळत घातलेली पांढरी चादर घ्या. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ मोजत जातो आणि भरला की संपलं, चादरीच्या चुण्या, विणीचा पोत सगळं सपाट पांढरं, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) असेल तर थोडंफार परत येतं पण तिन्ही चॅनल (लाल, हिरवा, निळा) गेले असतील तर काहीच नाही. ट्राय-एक्स किंवा एचपी५सारखी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म तसं करत नाही, वरच्या टोकाला तिचा कर्व्ह (प्रकाश वाढेल तशी निगेटिव्ह किती गडद होते त्याचा आलेख) हळूहळू आडवा होत जातो, त्यामुळे प्रकाश स्टॉप-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त पडला तरी चुण्या निगेटिव्हवर असतात, प्रिंट करताना तेवढा भाग बर्न केला, म्हणजे त्याला जास्त प्रकाश दिला, की दिसायला लागतात. शॅडोत, म्हणजे गडद भागात, मात्र उलटं, तिथे प्रकाश पोचला नाही तर निगेटिव्ह कोरी. म्हणून फिल्मवर एक्सपोजर शॅडो बघून, डिजिटलवर हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) सांभाळून.

कोणता रंग किती गडद उतरावा, या बाबतीत डिजिटल खूपच पुढे आहे. फिल्मवर आकाश गडद हवं तर लाल फिल्टर आधीच लावायचा, त्यात तीनेक स्टॉप जातात, आणि एकदा लावला की सगळं त्याच्याच हिशोबाने. डिजिटलमध्ये हे घरी बसून ठरवता येतं, फक्त एडिटिंगमधला निळा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात नॉइज (ठिपके) येतो आणि इमारतीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ती बघवत नाही. २०१२ साली आलेल्या लायका एम मोनोक्रोम या फक्त ब्लॅक अँड व्हाइट डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगांचे फिल्टरच नाहीत, फाइल फार सुंदर, पण मग फिल्टर पुन्हा लेन्सवर आणि हायलाइट गेला की गेलाच, दुसऱ्या चॅनलमधून आणायची सोयच नाही.

हां, ग्रेन. तो मिडटोनमध्ये, म्हणजे मधल्या करड्या छटांत, जास्त दिसतो, डिजिटल नॉइज शॅडोत. डिजिटल फोटोवर वरून सगळीकडे सारखा टाकलेला ग्रेन म्हणूनच खोटा वाटतो.

तर शिकत असाल तर डिजिटल घ्या, अगदी बिनधास्त. कडक उन्हातलं पांढरं हेच तुमचं काम असेल तर फिल्म. आणि डिजिटलवर रॉ ठेवून प्रीव्ह्यू मोनोक्रोम करा, रंग फाइलमध्ये राहतात आणि डोळ्याला टोनची सवय लागते, पण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) त्या प्रीव्ह्यूच्या जेपेगचा असतो, रॉचा नाही, एवढं लक्षात ठेवा.